डायलिसिसच्या रुग्णाचा हात

मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान ज्या घरात होते, त्या घरात डायलिसिस हा शब्द उच्चारला जाताच सर्वांचे लक्ष साहजिकच यंत्राकडे जाते. यंत्र कोणत्या रुग्णालयात आहे, पाळी कधी मिळेल, एका खेपेचा खर्च किती, आठवड्यातून किती वेळा जावे लागेल, या चौकशा पहिल्याच दिवशी सुरू होतात, आणि त्या अवश्य करावयास हव्यात. परंतु त्या यंत्रापर्यंत रुग्णाचे रक्त कोणत्या मार्गाने न्यावयाचे आणि शुद्ध झाल्यावर ते कोणत्या मार्गाने परत आणावयाचे, हा प्रश्न त्या धांदलीत सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः रुग्ण पुढली वर्षे कितपत सुखाने काढील, हे ठरविण्यात या मार्गाचा वाटा यंत्राइतकाच मोठा असतो. तो मार्ग शल्यचिकित्सकाला रुग्णाच्या शरीरात, बहुधा त्याच्या हातात, मुद्दाम तयार करून द्यावा लागतो. त्यासाठी कोणते पर्याय आहेत आणि या बाबतीत दिरंगाई केल्याने काय गमवावे लागते, हे प्रत्येक रुग्णाच्या घरी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अडचण कोठे आहे, ते एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. यंत्राचा पंप दर मिनिटास साधारणतः ३०० मिलिलिटर रक्त ओढतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीत सुमारे ७२ लिटर; शरीरात रक्त असते ते पाच लिटरच्या आसपास, तेव्हा तेच रक्त चौदा-पंधरा वेळा यंत्रातून फिरून येते. तपासणीसाठी ज्या शिरेतून आपण रक्त देतो, ती वरवर आणि सहज सापडणारी असली तरी पातळ भिंतीची व मंद प्रवाहाची असते. पंपाची ओढ लागताच तिच्या भिंती मिटतात आणि प्रवाह खुंटतो. धमनीत दाब आणि वेग दोन्ही भरपूर. परंतु ती खोल असते, तिच्या लगत मज्जातंतू असतात, आणि तिला जाड सुईने आठवड्यातून दोन-तीनदा भोसकीत राहणे म्हणजे असह्य वेदना, रक्तस्राव आणि अल्पावधीत त्या धमनीचाच नाश. शिरेची सुगमता आणि धमनीचा जोर एकाच वाहिनीत कसा आणावयाचा, हाच या शस्त्रक्रियेपुढील मूळ प्रश्न होय.

या प्रश्नापायी वैद्यकशास्त्राची कित्येक वर्षे खर्ची पडली. जर्मनीतील गीसन येथे गेऑर्ग हास यांनी १९२४ साली माणसावर पहिला डायलिसिस केला, तो काचेच्या नळ्या रक्तवाहिन्यांत घालून. पुढे १९४३ मध्ये, जर्मन अंमलाखाली असलेल्या हॉलंडमधील कांपेन या गावी, विलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाचे आपले सुप्रसिद्ध यंत्र उभे केले; परंतु प्रत्येक खेपेस एक नवी वाहिनी कापून उघडावी लागे आणि एकदा वापरलेली वाहिनी पुन्हा कामी येत नसे. जुनाट मूत्रपिंडविकार जडलेल्या एका तरुण स्त्रीला त्यांनी बारा वेळा डायलिसिस दिला आणि तिला काहीसा उतारही पडला, पण अखेरीस उघडावयास वाहिनीच उरली नाही आणि उपचार थांबवावे लागले. यंत्र चालत होते, वैद्य कुशल होता, आणि तरीही रुग्ण वाचला नाही. त्यानंतरची सुमारे सतरा वर्षे डायलिसिसचा उपयोग मुख्यतः ज्यांची मूत्रपिंडे थोड्या दिवसांत आपोआप सुधारण्याची आशा असे त्यांच्यापुरताच राहिला. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली, त्यांना देण्यासारखे डॉक्टरांपाशी काही नव्हते.

ही कोंडी फोडली अमेरिकेच्या सिअ‍ॅटल शहरातील बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी. बरा होईल या समजुतीने ज्याला डायलिसिस दिला त्या रुग्णाची मूत्रपिंडे कायमची गेली आहेत असे उघडकीस आल्यामुळे उपचार बंद करण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागून राहिली की त्या विचारातच एका रात्री त्यांना युक्ती सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. एक नळी धमनीत आणि एक शिरेत कायमची बसवावयाची, आणि डायलिसिस नसेल तेव्हा त्या दोन्ही नळ्या त्वचेबाहेर एका वाकड्या तुकड्याने जोडून ठेवावयाच्या, म्हणजे रक्त अखंड वाहते राहील आणि गोठणार नाही. टेफ्लॉन हा न चिकटणारा पदार्थ तेव्हा नुकताच वैद्यकात येत होता. वेन क्विंटन या अभियंत्याने त्याच्या नळ्या तापवून वाकविण्याची रीत बसविली, आणि ९ मार्च १९६० रोजी बोइंग विमानकारखान्यातील एका कारागिराच्या हातात पहिली अशी जोडणी झाली. तो कारागीर त्यानंतर अकरा वर्षे जगला. कायमची मूत्रपिंडे गेलेला माणूस वर्षानुवर्षे जगू शकतो, हे जगाला दिसले ते तेव्हा, आणि ते यंत्रातील सुधारणेने नव्हे, हातातील दोन नळ्यांनी. १९६२ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये बाह्यरुग्णांसाठी डायलिसिसचे केंद्र निघाले, तेव्हा उमेदवार इतके आणि जागा इतक्या थोड्या, की कोणाला घ्यावयाचे हे ठरविण्यासाठी नागरिकांची एक समितीच नेमावी लागली. त्या समितीच्या निवाड्यांवरून उठलेला वाद वैद्यकीय नीतिशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

परंतु त्वचेबाहेर राहणारी नळी ही दुखण्याचे घरच असते. तिच्या तोंडाशी जंतू शिरत, आत रक्त गोठे, झोपेत एखादा झटका बसून जोड निसटला तर रक्तस्रावाने प्राणावर बेतावयाचे. यावरचा उपाय न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात निघाला. तेथील जेम्स सिमिनो यांनी विद्यार्थिदशेत शिरेतून रक्त काढण्याचे काम केलेले होते, आणि कोरियाच्या युद्धातून परतलेल्या काही सैनिकांच्या जखमांत धमनी व शीर एकमेकींस जोडल्या जाऊन ती शीर मोठी व जोमदार झालेली असते, हे त्यांना माहीत होते. अपघाताने जे घडते ते शस्त्रक्रियेने हेतुपुरस्सर का घडवू नये, असा विचार करून त्यांनी आणि मायकेल ब्रेशिया यांनी केनेथ अ‍ॅपेल या शल्यचिकित्सकाकडून फेब्रुवारी १९६५ मध्ये रुग्णाच्या मनगटातील धमनी व शीर त्वचेखाली एकमेकींना शिवून घेतल्या. चौदा शस्त्रक्रियांचा त्यांचा वृत्तांत १९६६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील डायलिसिस केंद्रांत रुग्ण, नातेवाईक आणि परिचारिका जिला सरसकट ‘फिस्टुला’ म्हणतात, ती हीच. साठ वर्षे होत आली, यंत्रे कितीदा तरी बदलली, पण या जोडणीहून सरस असे काही अद्याप निघालेले नाही.

फिस्टुलात नेमके काय होते? सामान्यतः धमनीतून आलेले रक्त केसाहूनही बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातून मार्ग काढीत, आपला सारा जोर गमावून, मग शिरेत उतरते. शेतातल्या वाफ्यांतून जिरत जिरत खालच्या ओढ्याला मिळणाऱ्या पाण्यासारखेच ते. धमनीलाच शीर जोडली की ते जाळे टळते आणि रक्त थेट शिरेत घुसते. मनगटाजवळच्या धमनीतून एरवी मिनिटास वीस ते तीस मिलिलिटर रक्त वाहत असते, ते जोडणीनंतर लगेच दोनशे-तीनशेवर आणि काही आठवड्यांत सहाशे ते हजारावर जाते. या ओघाने शीर रुंदावते, तिची भिंत जाड व चिवट होते, आणि जाड सुया वारंवार सोसण्याची ताकद तिच्यात येते. यालाच फिस्टुला पिकणे किंवा तयार होणे म्हणतात, आणि त्याला दीड ते तीन महिन्यांची मुदत लागते. सहा आठवड्यांनंतर शीर सहा मिलिमीटर रुंद, त्वचेपासून सहा मिलिमीटरहून खोल नाही, आणि प्रवाह मिनिटास सहाशे मिलिलिटर, अशी सोपी खूण डॉक्टर मंडळी ध्यानात ठेवतात.

शस्त्रक्रिया स्वतः फार मोठी नसते. हात बधिर करून, रुग्ण जागा असतानाच, तासा-दोन तासांत ती उरकते, आणि पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. मात्र दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या केसाहून बारीक धाग्याने, भिंगाचा चष्मा लावून शिवावयाच्या असतात, त्यामुळे हात सरावाचा असावा लागतो. तिच्याहून महत्त्वाचे असते ते तिच्या आधीचे. दोन्ही हातांच्या धमन्या व शिरांचा डॉप्लर सोनोग्राफीने नकाशा काढावयाचा, शीर पुरेशी रुंद व अखंड आहे ना याची खातरजमा करावयाची, आणि तळहाताला रक्त पुरविणाऱ्या दोन धमन्यांपैकी दुसरी एकटी भार पेलू शकेल की नाही हे पाहावयाचे. ज्या हाताने आपण लिहितो-जेवतो तो हात शक्यतो वगळतात, आणि आरंभ नेहमी मनगटापासून करतात. यामागील विचार दूरदृष्टीचा आहे: मनगटाची जोडणी बंद पडली तर त्याच हातावर वर कोपरापाशी दुसरी करता येते, पण कोपरापासून सुरुवात केली तर खालचा सारा भाग विनाकारण सोडून दिल्यासारखे होते.

मनगटाच्या शिरा बारीक असतील, आणि मधुमेही, वृद्ध व कित्येक स्त्री रुग्णांच्या बाबतीत त्या तशा असतात, तर कोपरात जोडणी करतात. तेथील धमनी मोठी, म्हणून ओघ जोरकस आणि यशाची शक्यता अधिक. मात्र तळहाताच्या वाट्याचे रक्त पळविले जाण्याचा धोकाही तेथे अधिक. दंडाच्या आतल्या बाजूने जाणारी एक चांगली, सुयांपासून बचावलेली शीर असते, पण ती खोलवर असल्यामुळे सुईला सापडत नाही. तिला मोकळी करून, त्वचेखाली वर व पुढे आणून बसविण्याची शस्त्रक्रिया करतात, आणि ती बहुधा दोन टप्प्यांत होते. याचा हेलपाटा रुग्णाला जाचतो खरा, पण स्वतःच्या शिरेचा मार्ग मिळत असेल तर तो सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शीर अजिबात योग्य नसेल तेव्हा कृत्रिम नळी त्वचेखाली बसवून तिचे एक टोक धमनीला व दुसरे शिरेला जोडतात; तिला ग्राफ्ट म्हणतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून यासाठी ताणलेल्या टेफ्लॉनची लवचीक नळी रूढ झाली. ती दोन-तीन आठवड्यांत वापरता येते आणि हल्लीच्या काही जाती एक-दोन दिवसांतही. परंतु तिच्यात रक्त गोठण्याचे व जंतुसंसर्गाचे प्रमाण फिस्टुलाहून जास्त, आयुष्य कमी आणि किंमत अधिक.

आता त्या तिसऱ्या पर्यायाकडे वळू, जो यादीत शेवटी असावयास हवा आणि व्यवहारात पुष्कळदा पहिला येतो. श्वास लागून, अंगावर सूज घेऊन, रक्तातील पोटॅशियम वाढून रुग्ण मध्यरात्री रुग्णालयात पोहोचतो, तातडीने डायलिसिस लागतो, आणि मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालण्यावाचून गत्यंतर नसते. ही नळी घातल्याक्षणी उपयोगी पडते आणि त्या घडीला जीव वाचविते, याबद्दल तिचे ऋण मानले पाहिजे. दुर्दैव असे की अनेकांची ती नळी पुढे महिनोन्‌महिने तशीच राहते. साधी नळी फार तर दोन आठवड्यांपुरती. अधिक काळासाठी त्वचेखालच्या बोगद्यातून नेलेली, भोवती कापडी पट्टी असलेली नळी घालतात, त्या पट्टीत शरीराच्या पेशी वाढून जंतूंची वाट अडते, आणि आपल्याकडे तिला सर्रास ‘परमकॅथ’ म्हणतात. तरीही बाहेरचे जग आणि हृदयाचा कप्पा यांना सरळ जोडणारी ती वाट असल्यामुळे रक्तात जंतू भिनण्याचा धोका तिच्यात सर्वांत अधिक. थंडी वाजून ताप येणे, विशेषतः डायलिसिस चालू असताना, ही त्याची खूण. मामुली ताप समजून तिच्याकडे काडीइतकाही कानाडोळा करू नये, त्याच दिवशी केंद्रात कळवावे.

या नळ्यांच्या बाबतीत आणखी एक ताकीद आवश्यक आहे. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत नळी घालण्याची वहिवाट एके काळी फार होती. ती सोयीची, पण त्या शिरेला आतून व्रण पडून ती अरुंद होते, आणि मग त्या बाजूच्या हातात फिस्टुला केला तर सगळे रक्त अडून हात सुजून येतो. म्हणजे काही आठवड्यांच्या सोयीपायी एक अख्खा हात कायमचा गमवावयाचा. म्हणूनच आता उजव्या मानेतील शीर पहिल्या पसंतीची मानतात, कारण तेथून हृदयाकडे जाणारी वाट सरळ असते.

असाच घात, अधिक सावकाश आणि अधिक नकळत, कोपराखालच्या शिरांत वारंवार सुया टोचल्यामुळे होतो. ज्याच्या मूत्रपिंडाचा आजार वाढत चालला आहे, अशा माणसाला वर्षभरात किती वेळा सलाइन लागते, किती वेळा रक्त तपासायला दिले जाते, आणि दर वेळी सुई तेथेच, मनगटावर वा कोपराच्या वळणात, जेथे पुढे फिस्टुला व्हावयाचा असतो! सुईने दुखावलेली शीर कडक होते, मध्येच बुजते, आणि शल्यचिकित्सकाने डॉप्लर लावला की तेथे काही उरलेले नसते. रक्त काढावयाचे तर तळहाताच्या पाठीवरील शिरेतून काढावे, एक हात पूर्णपणे राखून ठेवावा, आणि क्रिएटिनिन वाढलेल्या प्रत्येक रुग्णाने ही गोष्ट रक्त काढणाऱ्याला निर्भीडपणे सांगावी. याला एक पैसाही लागत नाही. एवढी साधी सूचना ज्या कागदावर तपासण्यांची यादी लिहून दिली जाते त्याच कागदावर ठळक अक्षरांत छापली जात नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

वेळेचा हिशेब इथेच महत्त्वाचा ठरतो. मूत्रपिंडाचे कार्य वीस टक्क्यांच्या खाली घसरू लागले, आणि डायलिसिस येत्या काही महिन्यांत लागणार असे डॉक्टरांना दिसू लागले, की तेव्हाच शल्यचिकित्सकाकडे जावयास हवे. कारण फिस्टुला पिकण्यास महिने लागतात, आणि सगळेच पिकत नाहीत. तिघांपैकी एखादा, कधी त्याहूनही अधिक, कमी-अधिक दुरुस्ती केल्याशिवाय कामी येत नाही: कोठे अरुंद झालेली शीर फुग्याच्या नळीने रुंद करावी लागते, कोठे प्रवाह चोरणारी उपशाखा बांधावी लागते. परंतु आपल्याकडे या सूचनेला रुग्णच विरोध करतो. हातावर चिरा पाडून घेणे म्हणजे डायलिसिसला शरण जाणे, अशी समजूत पुष्कळांची असते. काढ्याने, पथ्याने वा नवसाने मूत्रपिंडे फिरतील या आशेवर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि मग तो मध्यरात्रीचा प्रसंग ओढवतो. फिस्टुला करून ठेवला म्हणून डायलिसिस लवकर लागत नाही. तो हातात तयार असला आणि त्याची गरज उशिरा पडली, तर त्यात रुग्णाचे काहीच नुकसान नाही.

फिस्टुला झाल्यावर तो राखणे हे रुग्णाच्याच हाती असते. जोडणीवर बोटे ठेवली की एक अखंड कंप लागतो आणि कान लावला की सूं सूं असा नाद ऐकू येतो. रोज सकाळी तो पाहावा, आणि कंप मंदावला किंवा थांबला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण गोठलेले रक्त पहिल्या काही तासांतच काढता येण्याची आशा अधिक असते. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्या हाताने जड वजन उचलू नये, घट्ट बांगड्या, पाटल्या, घड्याळ किंवा तंग बाहीचे कपडे घालू नयेत, त्या हातावर डोके टेकून झोपू नये. सुया एकाच ठिकाणी टोचत राहिल्या तर तेथे फुगवटा येतो, म्हणून जागा क्रमाक्रमाने बदलावी. बोटे थंड पडणे, फिकी होणे, दुखणे ही तळहाताचे रक्त पळविले जात असल्याची लक्षणे असून ती सांगण्यास उशीर केल्यास बोटेही जाऊ शकतात. अधिक प्रवाहाचा भार हृदयावर पडतो, म्हणून आधीच दुबळे हृदय असलेल्याच्या बाबतीत फिस्टुला करण्यापूर्वी हृदयतज्ज्ञाची मसलत घेणे आवश्यक ठरते.

दोन्ही हात संपलेल्या रुग्णाला मांडीत ग्राफ्ट बसविता येते, आणि छातीतील शिरा अरुंद झाल्या असतील तर दंडातील ग्राफ्टचे पुढचे टोक थेट हृदयापर्यंत नेण्याची योजनाही आहे. त्वचा न चिरता, नळी घालून आतल्या आत फिस्टुला जोडण्याच्या दोन पद्धतींना अमेरिकेत २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. त्या महाग आहेत, आणि हाताची ठेवण अनुकूल असेल तरच चालतात. पोटाच्या पडद्याचा उपयोग करून घरीच करावयाच्या डायलिसिसला तर रक्तवाहिनीचा मार्ग मुळीच लागत नाही, आणि ज्याच्या शिरा वाया गेल्या त्याला त्याची आठवण अखेरीस करून देण्याऐवजी तो पर्याय आरंभीच पुढे ठेवावयास हवा.

जपानमध्ये बहुतांश रुग्ण फिस्टुलावरच असतात. अमेरिकेत २००३ पासून फिस्टुला सर्वांत आधी अशी मोहीमच काढण्यात आली होती. तथापि तेथील तज्ज्ञांनी २०१९ च्या सुधारित मार्गदर्शनात, सर्वांना एकच मोजपट्टी लावण्यापेक्षा रुग्णाचे वय, हृदय, इतर आजार आणि त्याचे स्वतःचे मत पाहून मार्ग ठरवावा, असे म्हटले आहे, आणि ते मला रास्त वाटते. पंच्याऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेल्या आजीला दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा सोसावयास लावण्यापेक्षा परमकॅथवरच तिची शुश्रूषा करणे अधिक माणुसकीचे ठरेल; पस्तिशीतल्या, मूत्रपिंडरोपणाची वाट पाहणाऱ्या शिक्षकाला मात्र गळ्यातली नळी वर्षभर तशीच ठेवण्याची सबब कोणी देऊ नये.

आपल्या राज्यात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे आली आहेत, केंद्र सरकारने २०१६ मध्ये घोषित केलेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबांना मोठा आधार दिला आहे. या सोयींच्या अहवालांत यंत्रांची व बैठकींची मोजदाद असते, तशी किती रुग्ण फिस्टुलावर आणि किती अजून गळ्यातल्या नळीवर आहेत याचीही असावी. प्रत्येक केंद्राला ठरावीक दिवशी येणारा, वाहिन्या शिवण्यात हात बसलेला शल्यचिकित्सक आणि डॉप्लर यांची तजवीज त्याच अंदाजपत्रकात व्हावी. आणि नळीवर सुरू झालेल्या रुग्णाच्या कागदावर पहिल्याच आठवड्यात फिस्टुलासाठी तपासणीची तारीख पडावी.